मानाची वाटणी

(वेळापूर येथे क्रीडाप्रेमी नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संपत्तीच्या वाटणीची चर्चा अर्थशास्त्र करते. मानाची वाटणी मात्र समाजाने निमूटपणे वरच्यांवर सोपविलेली असते. कोणाची तसबीर भिंतीवर लागावी हे पूर्वी दरबार ठरवीत; आज सरकारे आणि संघटना ठरवितात. ज्याच्या वर्गणीवर आणि टाळ्यांवर खेळ जगतो, त्या प्रेक्षकाला या निवडीत मत नसते.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला निघाले तेव्हा पैशाची वानवा होती. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले; गावकऱ्यांनीही हातभार लावला. खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले आणि बैलगाड्यांच्या मिरवणुकीने लोकांनी त्यांना घरी नेले. जनतेचा निकाल असा त्याच वर्षी लागला. सरकारदरबारी मात्र अर्जुन पुरस्कार जाहीर होण्यास २००० साल उजाडले. खाशाबा १९८४ मध्येच अपघातात गेले होते. गावातील कुस्ती केंद्राच्या आश्वासनाची पूर्तता होईना, म्हणून २०१७ मध्ये पदक लिलावात काढण्याची भाषा कुटुंबाला करावी लागली. बैलगाड्यांची मिरवणूक खरी होती. पण तिची नोंद ठेवणारी, तिच्या बळावर जाब विचारणारी लोकांची संस्था नव्हती.

अशी संस्था अमेरिकेतील बेसबॉलच्या चाहत्यांनी उभी केली. तेथे कूपर्सटाऊन या गावी १९३९ पासून अधिकृत कीर्तिदालन आहे. त्यातील खेळाडूंची प्रमुख निवड अनुभवी क्रीडापत्रकार करतात आणि तीस ७५ टक्के मते लागतात. कॅलिफोर्नियातील पासाडेना भागातल्या चाहत्यांच्या एका संस्थेने १९९९ पासून आपले निराळे दालन मांडले. माफक वर्गणी भरणाऱ्या कोणाही सभासदाला मत होते. आकडेवारीपेक्षा खेळावर आणि समाजावर उमटलेला ठसा महत्त्वाचा मानला गेला.

पहिल्याच वर्षी त्यांनी कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूची निवड केली. त्या काळी करारातील एका कलमामुळे खेळाडू एकाच मालकाशी बांधलेला राही. मालकाला मात्र तो परस्पर दुसऱ्या संघाला देता येई. १९६९ मध्ये फ्लडने अशी बदली नाकारली आणि पुढच्या वर्षी न्यायालय गाठले. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. त्याची कारकीर्दही संपली. परंतु १९७५ मध्ये लवादाच्या निर्णयाने त्या कलमाची पकड सुटली आणि पुढच्या पिढ्यांना श्रमाचे मोल मागता आले. अशा त्यागाला धावफलकावर रकाना नसतो.

लोकांची निवड म्हणजे आपोआप न्याय, असे मात्र नव्हे. गावकीत जात, भाऊबंदकी आणि पुढाऱ्याची मर्जी यांचेही वजन पडते. म्हणून सभासदत्व सर्वांना खुले हवे, मत गुप्त हवे आणि प्रत्येक नावामागचे कारण लिहून जाहीर झाले पाहिजे.

वेळापूर म्हटले की अर्धनारी नटेश्वराचे मंदिर आणि खो-खो ही दोन नावे ओठांवर येतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात येथील रामजी कश्यप होता. त्याचे कौतुक झाले आणि ते रास्तच आहे. परंतु खो-खोच्या गुणपत्रिकेत कोण किती मिनिटे पळाला आणि कोणी किती गडी बाद केले, एवढेच उरते. पहाटे मैदानावर पाणी मारून चुन्याच्या रेषा आखणारा, पदरमोड करून पोरांना स्पर्धेला नेणारा शिक्षक, लग्नानंतर मैदान सुटलेली गुणी खेळाडू मुलगी, यांचा हिशेब कोणत्याही पुरस्कार समितीकडे नाही. तो ठेवू शकेल असे एकच ठिकाण आहे, ते म्हणजे गाव.

त्यासाठी अनुदानाची किंवा मंत्र्याच्या हस्ते उद्घाटनाची गरज नाही. एक वही, वर्षातून एक मतदान आणि निवडलेल्या नावांचे भर सभेत वाचन एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. पहिल्या यादीत निम्मी नावे स्त्रियांची असावीत, एवढी अट वेळापूरकरांनी स्वतःवर घालून घ्यावी. ज्या गावाने आपल्या माणसांची नोंद स्वतः ठेवली, त्याला सरकारपुढे जाताना याचक म्हणून जावे लागत नाही. ते पुरावा घेऊन जाते.