शेष म्हणजे उरलेला



पाठशाळेत व्याकरण शिकताना आम्हांस प्रथम सांगतात की, महाभाष्यकार पतंजली हे शेषाचे अवतार. ‘शिष्’ म्हणजे उरणे. प्रलयानंतर उरतो तो शेष. त्याच्याच शय्येवर नारायण निजतात आणि त्यांच्या नाभिकमलातून ब्रह्मदेव प्रकटतात. स्रष्ट्याच्याही आधी नाग आहे, तो असा.

सातासमुद्रांपलीकडे हैती देशात, आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्यांच्या वंशजांनी दांबाला हा सर्पदेव जपला आहे. तोही आद्य, धवलवर्णप्रिय, नैवेद्य अंड्याचा. तो अंगात आलेला मनुष्य बोलत नाही, केवळ फूत्कारतो. आमचा शेष मात्र सहस्रमुखांनी बोलतो, व्याकरणदेखील सांगतो! कात टाकून नवा होणारा जीव पाहूनच दोहींकडे ही कल्पना उद्भवली असावी, असे मला वाटते.

आपल्याकडे पंचमीस शेतकरी नांगर धरीत नाही. वारुळातल्या जिवास इजा होऊ नये म्हणून. मग त्याच दिवशी टोपलीत कोंडलेल्या नागास दूध पाजणे ही कसली पूजा? सर्पास दूध पचत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणे निषिद्ध आहे. मातीचा नाग पूजेस पुरेसा आहे. गारुडी दारी आल्यास त्यास शिधा अवश्य द्यावा. टोपली उघडावयास मात्र सांगू नये.