पाठ, पोतं आणि हमाली

पुण्याच्या मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात ट्रक लागला की टोळी कामाला भिडते. दोघे आकडे लावून पोतं उचलतात, तिसरा फाळक्यापाशी पाठ देऊन वाकलेला असतो. ओझं पाठीवर आलं की तो आखूड, झपझप पावलं टाकत गाळ्यात शिरतो आणि थप्पीवर पोतं सोडतो. बघणाऱ्याला वाटतं, सगळी जोखीम त्या चालण्यात आहे. पण पाठीवर नीट बसलेलं वजन मणक्याच्या जवळ राहतं. उसण भरते ती बहुधा खाली वाकून ओझं उचलताना, नाहीतर थप्पी लावताना कमरेतून वळल्यावर.

पाठ सरळ धरणारे स्नायू मणक्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. ओझं अर्धा मीटर पुढे धरलं, तर ते तोलायला या स्नायूंना त्याच्या दहापट जोर लावावा लागतो आणि तो सगळा दाब मणक्यांमधल्या गादीवर येतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेनं १९९१ मध्ये ओझं उचलण्याचं सूत्र सुधारलं. त्यात सगळं काही अनुकूल असतानाही मर्यादा २३ किलोची आहे. ओझं घोट्यांपासून ५० सेंटिमीटर पुढे गेलं की ती साडेअकरा किलोवर येते.

पुण्याच्या हमालानं मात्र वर्षानुवर्षं १०० किलोचं पोतं वाहिलं.

डॉ. बाबा आढाव यांनी १९५५ मध्ये हमाल पंचायत उभी केली, तेव्हा बाजार भवानी पेठ-नाना पेठेत होता; गुलटेकडीचं मार्केट यार्ड नंतरचं. आढाव पेशानं डॉक्टर. बाम आणि गोळ्यांनी भागणारं हे दुखणं नाही, ते मजुरीशी आणि पोत्याच्या वजनाशी बांधलेलं आहे, हे या चळवळीनं लावून धरलं. १९६९ मध्ये महाराष्ट्रात हमालांना संरक्षण देणारा माथाडी कायदा आला. स्वस्त, पोटभर जेवणासाठी पंचायतीनं १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. थकलेल्या स्नायूंची डागडुजी अन्नावर आणि झोपेवरच होते, तेव्हा हाही उपचाराचाच भाग मानायला हवा. पोतं ५० किलोचं करा, ही हमालांच्या संघटनांची जुनी मागणी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ मध्येच प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सुचवली होती. त्याच वर्षीचा कमाल वजनाचा करार भारतानं मान्य केला २०१० मध्ये!

आता दुखापतीविषयी. सवय नसताना सिंहगड चढून-उतरून आलेल्याच्या मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरून येतात. हे दुखणं आपोआप ओसरतं. काम करता करता एकाच जागी कचकन कळ आली, सूज चढली, तर स्नायूचे तंतू तुटलेले असू शकतात. अशा वेळी पहिले दोन दिवस तो भाग चोळून घेऊ नये. बर्फ कापडात गुंडाळून लावावा आणि ताण थांबवावा. कंबर धरली म्हणून आठवडाभर अंथरूण धरण्याचा सल्ला आता मागे पडला आहे. झेपेल तेवढी हालचाल ठेवली तर पाठ लवकर सुटते. पाय बधिर पडला, पावलातली ताकद गेली, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. अतिश्रमानंतर लघवी गडद तपकिरी झाली तरीही तेच. तुटलेल्या स्नायूंमधलं द्रव्य मूत्रपिंडांना इजा करतं. एप्रिल-मेच्या उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना हा धोका वाढतो.

शरीराला कष्टाची सवय होते हे खरं, पण सगळे अवयव एका वेगानं तयार होत नाहीत. नव्या पोराचे स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात. स्नायूबंधांना महिने लागतात. अंगात जोर आलाय म्हणून तो जादा खेप मारतो आणि खांदा धरून बसतो. पहिले दोन-तीन महिने त्याच्याकडून अर्धंच काम घ्यायला हवं.

पण घेणार कसं? हमाली ओझ्याच्या हिशेबानं मिळते, बसलेल्या दिवसाची मिळत नाही. डॉक्टर विश्रांती लिहून देतात तेव्हा घरातली त्या दिवसाची चूल कशावर पेटणार, हे त्या चिठ्ठीत कुठे नसतं. पाय घसरून पडला तर अपघाताची नोंद होते; वीस वर्षांत झिजलेल्या मणक्याला तारीखच नसते, त्यामुळे भरपाई मागायची तरी कोणत्या दिवसाची? बाजाराच्या आवारातच भौतिकोपचार केंद्र हवं, प्रत्येक हमालाच्या पाठीची दरवर्षी तपासणी व्हावी आणि तिची नोंद माथाडी मंडळाकडे राहावी. दुखापतीतल्या विश्रांतीची मजुरी मालकांकडून मंडळाकडे जमा होणाऱ्या लेव्हीतून द्यावी. आणि ५० किलोच्या पोत्यांच्या दोन खेपांची हमाली १०० किलोच्या एका खेपेपेक्षा जास्त असावी, कारण चालणं दुप्पट झालेलं असतं.