टँकर कुठे रिकामा होतो?



 

मनोहरगडाच्या परिसरातून निघालेली आपली तेरेखोल नदी खाली येता येता महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांची हद्द होते. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवामुक्तीसाठी तेरेखोलच्या किल्ल्यात शिरलेल्या सत्याग्रहींनी हद्द जुमानली नव्हती. सांडपाणीही ती जुमानत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. त्यांत गोव्याचे ११, आणि त्या अकरांत आपली तेरेखोल. काठावर कारखान्यांच्या रांगा नाहीत, मग हे प्रदूषण आले कुठून? बरेचसे आपल्याच परसातून.

आपल्याकडे बहुतेक घरांना सेप्टिक टँक आणि सोकपिट, म्हणजे शोषखड्डा. टाकीत जड मैला तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो, मधले पाणी सोकपिटात जाते. ते निवळ दिसते, पण त्यातले जंतू जिवंत असतात. मातीने ते गाळून घ्यावेत ही अपेक्षा. पण जमीन जांभ्याची, तिच्या भेगांतून पाणी न गाळताच पुढे सरकते. आषाढात तर भूजल इतके वर येते की सोकपिटात काही मुरतच नाही. मग ते पाणी विहीर, व्हाळ (ओढा), खाडी गाठते. खाडीत गेलेले सगळेच समुद्राला मिळते असेही नाही, भरती त्यातले पुन्हा आत आणते. ओहोटीला बायका पायाने चिखल चाचपत तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढतात. तिसरी पाणी गाळूनच पोट भरते, पाण्यातले जंतू तिच्या अंगात साठतात, आणि ती टोपली आपल्याच बाजारात येते.

पाच हजार वस्तीच्या गावात माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी धरले, तर रोजचे ५ लाख ४० हजार लिटर होते. ते वाहून नेण्यासाठी चढउताराच्या वाड्यांतून बंद गटारे टाकायची, जागोजागी पंप बसवायचे, यात वर्षे जातील. ते काम व्हायलाच हवे. पण तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. कृष्णाकाठच्या वाईने आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरने वाट दाखवली आहे. तिथे टाकी तुंबल्यावर धावपळ करायची नाही. टँकर पाळीपाळीने प्रत्येक वॉर्डात जातो, तीन वर्षांत एकदा प्रत्येक टाकी उपसायची, खर्च करातून आणि मैला थेट प्रक्रिया केंद्रावर. मला हे फार मोलाचे वाटते, कारण नगरपालिकेने टाकीला खासगी खड्डा न मानता सार्वजनिक व्यवस्थेचा भाग मानले.

आपल्याकडे टँकर येतो, पैसे घेतो, जातो. तो कुठे रिकामा होतो, हे आपण विचारतो का? अंधारात एखाद्या व्हाळाच्या तोंडाशी नळी सोडली, तर शेकडो घरांनी नीट बांधलेल्या टाक्या वाया गेल्या.

म्हणून या सभेच्या ठरावाच्या मसुद्यात मी तीन गोष्टी घातल्या आहेत. पेडणे आणि सावंतवाडी या दोन तालुक्यांसाठी मैला प्रक्रियेचे एक सामाईक केंद्र. प्रत्येक टँकरची नोंदवही. आणि पेडणे तालुक्यातील न्हयबाग व पलीकडच्या काठावरील सातार्डा इथे एकाच दिवशी, भरतीला व ओहोटीला घेतलेले पाण्याचे नमुने, ज्यांचे आकडे मराठीतून पंचायतीच्या फलकावर लागतील. आंघोळीच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठेतील जंतू ५०० च्या आत असावेत, कमाल मर्यादा २५००. हे आकडेही शेजारीच लिहावेत. दोन्ही काठांच्या प्रतिनिधींनी दुपारच्या सत्रापूर्वी मसुदा वाचून दुरुस्त्या माझ्याकडे द्याव्यात.