टर्बो मोटार आणि महाग पेट्रोल

पेट्रोलपंपावरचा नोकर विचारतो, "साधें कीं प्रीमियम?" बहुतेक गृहस्थ या प्रश्नाचें उत्तर विचारानें न देतां स्वभावानें देतात. काटकसरी मनुष्य साधें मागतो, हौशी मनुष्य महाग मागतो. मोटारीला टर्बोचार्जर असला, कीं मात्र दोघांच्याहि मनांत किंतु येतो. पहिल्याला एंजिन बिघडण्याची धास्ती वाटते, दुसऱ्याला आपले पैसे व्यर्थ तर जात नाहींत ना, अशी शंका येते. दोन्ही शंका रास्त आहेत. आणि दोहोंचेंहि निरसन करतां येतें.

महाग पेट्रोलांत शक्ति अधिक असते, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. ऑक्टेनचा आंकडा शक्ति मोजीत नाहीं. तो सहनशीलता मोजतो. सिलिंडरांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दट्ट्यानें दाबलें जातें, मग ठिणगी पडते, आणि ज्योत शिस्तीनें पुढें सरकत जाते. परंतु दाब व उष्णता फार वाढली, तर ज्योत पोंचण्यापूर्वींच कोपऱ्यांतलें मिश्रण आपण होऊन एकदम पेट घेतें. हाच ठोका, कारागीर त्याला नॉकिंग म्हणतात. तो जोराचा व सतत होऊं लागला, तर दट्ट्याला भोंक पडण्यापर्यंत मजल जाते. ज्या पेट्रोलाचा ऑक्टेन अधिक, तें असा आपोआप पेट घेण्याला अधिक विरोध करतें, इतकाच त्या आंकड्याचा अर्थ. इथेनॉलचें उदाहरण बोलकें आहे: त्याचा ऑक्टेन पेट्रोलाहून पुष्कळ अधिक, पण एका लिटरांतील उष्णता पेट्रोलाच्या सुमारें दोनतृतीयांशच.

आतां टर्बोचार्जर. स्विस एंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें. एंजिनांतून बाहेर पडणारा, एरवीं वायां जाणारा धूर एक चक्र फिरवितो. तें चक्र दुसऱ्या चक्राकरवीं अधिक हवा सिलिंडरांत कोंबतें. अधिक हवेबरोबर अधिक पेट्रोल जळतें, आणि लहान एंजिन मोठ्याचें काम करतें. परंतु दाबलेली हवा तापते, आणि ठोक्याचें भय वाढतें. म्हणून टर्बो एंजिनाला पेट्रोलाचा गुण इतरांपेक्षां अधिक जाणवतो.

गुणवान पेट्रोलाचा लाभ केव्हां होतो, याचा दाखला १९४० सालच्या ब्रिटिश विमानांत सांपडतो. स्पिटफायर व हरिकेन विमानांच्या मर्लिन एंजिनांना १०० ऑक्टेनचें पेट्रोल मिळालें. परंतु बळ वाढलें, तें हवा कोंबण्याचा दाब दर चौरस इंचास सवासहा पौंडांवरून बारा पौंडांपर्यंत नेतां आला म्हणून. दाब तोच ठेवला असता, तर नुसत्या पेट्रोलानें कांहींच साधलें नसतें.

उलट बाजूचा धडा १९६२ सालच्या ओल्ड्स्मोबिल जेटफायर या अमेरिकन मोटारीनें दिला. टर्बोचार्जर बसविलेल्या पहिल्या प्रवासी मोटारींपैकीं ती एक. ठोका टाळण्यासाठीं तिच्यांत पाणी व मिथेनॉल यांचें मिश्रण फवारण्याची सोय होती. त्याची टांकी मात्र मालकानें भरावयाची. पुष्कळ मालक ती भरण्यास विसरत. टांकी रिकामी झाली, कीं एंजिनाच्या रक्षणासाठीं यंत्र टर्बोचा दाब कमी करी, आणि ज्या शक्तीसाठीं गाडी घेतली तीच नाहींशी होई. दोन वर्षांतच ती मोटार बंद झाली. पुढें ठोका ओळखणारा सेन्सर आला, आणि हें काम माणसाच्या स्मरणावर अवलंबून राहिलें नाहीं. आजच्या मोटारींत ठोक्याची चाहूल लागतांच संगणक ठिणगी उशिरानें पाडतो, किंवा टर्बोचा दाब उतरवितो.

यावरून उत्तर निघतें. कमी ऑक्टेनमुळें आजची टर्बो मोटार सहसा लगेच मोडत नाहीं. ती आपली शक्ति थोडी सोडून देते. ही सोड किती? अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशननें २०१६ सालीं दाखविलें, कीं साध्या पेट्रोलासाठीं बनविलेल्या मोटारींना प्रीमियमचा म्हणण्यासारखा कांहींच लाभ होत नाहीं. त्या देशांत वर्षाकांठीं सुमारें २१० कोटि डॉलर असे व्यर्थ जात. २०१७ सालीं, प्रीमियमची केवळ शिफारस असलेल्या मोटारी तिनें तपासल्या. त्यांत सरासरीनें इंधनाची बचत २.७ टक्के व शक्तीची वाढ १.४ टक्के आढळली. लाभ खरा, पण बेताचा. आणि दरांतील फरक त्याहून मोठा असेल, तर तो हिशेबांत बसत नाहीं.

आंकड्यांच्या बाबतींत एक सावधगिरी हवी. अमेरिकेंतील पंपावर दोन मापांची सरासरी लिहितात. भारतांत व युरोपांत त्यांपैकीं एकच, मोठें येणारें माप वापरतात. तिकडचें ८७ म्हणजे इकडचें सुमारें ९१ ते ९२. अमेरिकेंतील नातलगानें सांगितलेला आंकडा पुण्यांत जशाचा तसा लावूं नये. शिवाय प्रीमियम नांवाच्या प्रत्येक पेट्रोलाचा ऑक्टेन अधिक असतोच असें नाहीं; कांहींत केवळ एंजिनाच्या सफाईचीं द्रव्यें असतात. नांव वाचूं नये, आंकडा वाचावा.

मग मालकानें काय करावें? मोटारीची पुस्तिका उघडावी. तींत अधिक ऑक्टेन आवश्यक म्हटलें असेल, तर काटकसर करूं नये. तेथें दहा रुपये वांचवून हजारोंचें नुकसान ओढवेल. किमान ऑक्टेन म्हणून साध्या पेट्रोलाचाच आंकडा दिला असेल, तर साधेंच भरावें. केवळ शिफारस असेल, तर शहरांतील संथ रहदारीला साधें पुरतें; वैशाखांतल्या उन्हांत, पांच माणसें व सामान घेऊन खंडाळ्याचा घाट चढावयाचा असेल, तेव्हां अधिक ऑक्टेनचें मोल वसूल होतें. आणि योग्य पेट्रोल भरूनहि ठोका ऐकूं येत असेल, तर तो आजार आहे. त्यावर उपाय महाग पेट्रोल नव्हे. गाडी कारागिराला दाखविणें हाच होय.