मुक्काम कुठे करावा, जेवावे कुठे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मंडळाची सहल यंदा माहूरला न्यायची ठरते आहे. तेव्हा तिथे राहावे कुठे आणि जेवावे कुठे, यावर चार शब्द सांगा, अशी चिटणीसबाईंनी मला आज्ञा केली. विषय ऐकून एकदोघींना हसू आले, ते मी पाहिले. क्षेत्राचे माहात्म्य सांगायचे सोडून ही बाई खोल्यांच्या नि भाकरीच्या गोष्टी काय सांगणार, असे त्यांना वाटले असावे. पण भगिनींनो, हा विषय हलका नाही. प्रत्यक्ष दत्तप्रभूंचीसुद्धा ही व्यवस्था ठरलेली आहे. स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला आणि निद्रा माहूरला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. देवाने विश्रांतीसाठी आपला मुलूख निवडला याचा आपल्याला अभिमान आहेच. देवाला जर विसावा लागतो, तर दिवसभर राबणाऱ्या बाईला तो नको काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रथम माझ्या आईची हकिकत सांगते. ती आपल्या आयुष्यात चार वेळा माहूरला गेली. बैलगाडीने गेली, पुढे मोटारीने गेली. रेणुकामातेचे दर्शन तिला चारही वेळा घडले. परंतु अनसूयेचे शिखर तिने एकदाही पाहिले नाही. का? तर दर्शन झाल्याबरोबर ती खाली मुक्कामावर येई आणि तीन दगडांची चूल मांडी. पुरुषमंडळी आणि मुले दत्तशिखराला जात, अनसूयेला जात, मातृतीर्थावर जात. ती परत येईपर्यंत वीस माणसांच्या भाकरी व्हायला हव्या असत. पुढे म्हातारपणी कोणी माहूरची गोष्ट काढली, की ती म्हणे, "तिथली लाकडे फार ओली असतात गं." माहूरची तिची आठवण ती एवढीच. साडेतीन पीठांपैकी एका पूर्ण पीठाला चार वेळा जाऊन आलेली बाई, आणि तिला आठवते काय, तर ओली लाकडे! आई गेली, पण तिचे हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की सहलीला जाताना स्टोव्ह, पातेली आणि पिठाचे डबे घरीच ठेवायचे. घरून शिदोरी न्यायची ती एका वेळेपुरती. आपल्याकडच्या दशम्या आणि धपाटे प्रवासात उत्तम टिकतात. सोबत तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी असली, की वाटेत गाडीला उशीर झाला तरी कोणाचे अडत नाही. पण ती शिदोरी संपल्यानंतरचे प्रत्येक जेवण दुसऱ्याच्या हातचे, आणि आपण पाटावर बसून खाल्लेले असावे. दोन दिवस चूल दुसऱ्याने पेटवली तर कोणाचा संसार मोडत नाही.

आता जाण्याविषयी. आपल्याला किनवटवरून जायचे आहे. किनवटपर्यंत रेल्वे आहे. पुढे सागाच्या जंगलातून सडक माहूरला जाते. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त सर्व वयाच्या बायकांना अर्धे तिकीट झाले आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर त्याच्या आधीपासूनच तिकीट नाही. ज्या घरांतून "खर्च फार होतो" म्हणून सासूबाईंना किंवा सुनांना पाठवले जात नसे, त्या घरांची ती सबब आता उरली नाही. मात्र वयाचा दाखला म्हणून आधारकार्ड जवळ ठेवावे.

माहूरला तीन शिखरे आहेत: रेणुकेचे, दत्ताचे आणि अत्रि-अनसूयेचे. तिन्ही एका दमात करण्याचा हट्ट धरू नये. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पहिल्या दिवशी रेणुकामाता आणि मातृतीर्थ करावे, दुसऱ्या दिवशी सकाळी दत्त आणि अनसूया करावे. याचाच अर्थ असा, की एक रात्र मुक्काम हवाच. नवरात्रात आणि दत्तजयंतीला तिथे अलोट गर्दी लोटते. त्या दिवसांत दर्शनाचे पुण्य पुष्कळ असेल, पण खोली मिळणार नाही आणि धड बसून जेवताही येणार नाही. पाऊस सरल्यावर, नवरात्र व दिवाळी आटोपून दत्तजयंतीच्या आधीचे दिवस आपल्या सहलीला सोयीचे. डोंगर हिरवे असतात आणि हवा थंड असते.

राहण्याच्या तऱ्हा अशा. देवस्थानाचे भक्तनिवास असते, धर्मशाळा असतात, गावात लॉज असतात. शिवाय क्षेत्राच्या गावी उपाध्यांच्या घरी उतरण्याची जुनी रीत आहे. यांपैकी कोणतीही जागा घ्या, परंतु जागा बाईने बाईच्या नजरेने पाहून घ्यावी. पुरुष खोलीत शिरला की आधी पंखा पाहतो. आपण पाच गोष्टी पाहाव्यात. दाराला आतून धड कडी आहे काय? पाणी नळाला पहाटे चार वाजता येते काय, की बादल्या वाहाव्या लागतील? संडास खोलीपासून किती लांब आहे आणि वाटेवर दिवा आहे काय? खोली तळमजल्यावर मिळेल काय? आणि दर माणशी आहे की खोलीमागे? या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय पिशव्या खाली ठेवू नयेत. पैसे दिले की पावती घ्यावी. दहाबारा जणी असलो तर दोघींनी आठ दिवस आधी जाऊन जागा ठरवून यावी. त्या दोघींच्या तिकिटाचा खर्च मंडळाने सोसावा, असे माझे मत आहे.

हे इतके आवर्जून का सांगते, तर एकदा मला आणि माझ्या दोन मैत्रिणींना फार वाईट अनुभव आला. ते गाव माहूर नव्हे, आणि गावाचे वा जागेचे नाव मी सांगणारही नाही. रात्रीचे नऊ वाजले होते. खोल्या रिकाम्या असल्याचे आम्हाला दिसत होते. वही पुढे ओढून गृहस्थाने विचारले, "सोबत पुरुषमाणूस कोण?" कोणी नाही म्हटल्यावर त्याने वही मिटली. आम्ही तिघी पन्नाशीच्या बायका, नातवंडे असलेल्या! ती रात्र आम्ही मोटारस्टँडच्या बाकावर काढली. एकीने झोपायचे आणि दोघींनी जागायचे, अशा पाळ्या लावल्या. त्या रात्री मला राहून राहून माहूरच्या देशमुखीण सावित्रीबाईंची आठवण येत होती. त्यांना आपण रायबागन म्हणून ओळखतो. १६६१ साली मोगली फौजेबरोबर त्या सह्याद्रीत उंबरखिंडीपर्यंत गेल्या होत्या. त्या काळी आपल्या भागातली बाई फौजेत जाऊन डोंगरदऱ्या ओलांडत होती, आणि आज बाईला एका रात्रीच्या छपरासाठी पुरुषाचे नाव सांगावे लागते. बाई एकटी आहे एवढ्यावरून खोली नाकारणे गैर आहे. असे कोणी विचारले तर मान खाली घालू नये. "आमच्या मंडळाच्या या सर्वजणी, ही आमची ओळखपत्रे," असे स्वच्छ सांगावे.

आता जेवणाकडे वळते. यात्रेच्या गावी जिथे पाने भराभर उठतात तिथेच बसावे, म्हणजे अन्न ताजे मिळते. दुपारी दोन वाजता खानावळीत शिरून "काय काय आहे?" विचारू नये. सकाळी दर्शनाला निघतानाच "आम्ही इतक्या जणी, एक वाजता येऊ, भाकरी, पिठले, वरणभात आणि ठेचा करून ठेवा," असे सांगून जावे. सांगून केलेल्या भाकरीला आणि उरलेल्या भाकरीला फरक असतो, हे आपल्याला मी काय सांगावे! पिण्याचे पाणी शक्यतो उकळलेले जवळ ठेवावे. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी उपवासाचा आणि पायऱ्यांचा दिवस एक करू नये. आणि उपवास असलाच तर भगरीविषयी सावध असावे. भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या नवरात्राच्या नि महाशिवरात्रीच्या सुमारास मराठवाड्यात वारंवार येतात. जुन्या, ओल धरलेल्या भगरीला बुरशी लागते आणि दळून ठेवलेल्या पिठात ती दिसत नाही. म्हणून भगरीचे सुटे पीठ विकत घेऊ नये आणि परक्या ठिकाणी त्याची भाकरी खाऊ नये. केळे आणि भाजलेले शेंगदाणे यांवर उपवास छान निभतो. मात्र रेणुकामातेचा तांबूल प्रसाद घेतल्याशिवाय कोणी खाली उतरू नये. इतर देवस्थानी पेढा मिळतो, आपली माता कुटलेला विडा देते. जेवण झालेल्या माणसाला विडा देतात. आधी सगळ्यांची पोटे भरलेली असावीत, असेच जणू ती सुचवते, असे मला वाटते.

आता थोडे दूरचे सांगते. माझी पुतणी नोकरीनिमित्त परदेशी असते. मागे ती ऑस्ट्रिया देशात आल्प्स पर्वतातील एका तळ्याकाठच्या गावी चार दिवस राहून आली. गावाचे नाव सांक्ट वोल्फगांग. तिचे पत्र वाचून मला तर माहूरच डोळ्यांपुढे आले. तिथेही डोंगर, तिथेही पाणी, आणि तिथेही शेकडो वर्षे यात्रेकरू येत आहेत, कारण गावात संत वोल्फगांग यांचे जुने देऊळ आहे. त्या देवळातील लाकडी कोरीव वेदी १४८१ साली पुरी झाली. शेजारच्या डोंगरावर दात्यांच्या रुळावरून चढणारी आगगाडी १८९३ पासून आहे. तळ्याकाठी मोठी हॉटेले आहेत, पण त्यांचे दर ऐकून आपले डोळे पांढरे व्हावेत. पुतणी उतरली ती एका शेतकरी बाईच्या घरी. त्या मुलखात घराबाहेर "खोली रिकामी आहे" अशा अर्थाची पाटी टांगायची रीत आहे. ती पाटी पाहून बेधडक दार वाजवायचे. सकाळची न्याहारी, म्हणजे पाव, लोणी, मुरांबा आणि कॉफी, खोलीच्या दरातच येते. दुपारी तिने तळ्याकाठी सूप आणि उकडलेले बटाटे खाल्ले. मासे खाणाऱ्यांना तळ्यातला ताजा मासा मिळतो. गोड धिरड्याचे तुकडे करून त्यावर साखर भुरभुरतात, तो पदार्थ तिला फार आवडला. त्यात अंडे असते, तेव्हा पाळणाऱ्यांनी आधी विचारावे. शिवाय तिथे प्रत्येक पाहुण्याला दर रात्रीमागे गावासाठी थोडा कर द्यावा लागतो. तिथले रस्ते आणि संडास इतके स्वच्छ होते, की तो कर देताना आपल्याला जड गेले नाही, असे ती लिहिते.

त्या पत्रातले एक वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा वाचले. "काकू, घर त्या बाईचे, पाटी तिची, आणि पैसेही तिच्याच हातात पडतात." भगिनींनो, हे काही परदेशातच घडते असे नाही. आपल्या कोकणात समुद्राकाठच्या गावांतून "घरगुती राहण्याची व जेवणाची सोय" अशा पाट्या घरोघर दिसतात. आपल्या राज्याच्या पर्यटन खात्याची "निवास व न्याहारी" अशी योजनाही आहे. राहत्या घरातील खोल्यांची तीत नोंदणी करता येते.

आता आपल्या इस्लापूरकडे पाहू. पैनगंगेवरचा सहस्रकुंडाचा धबधबा आपल्या दाराशी आहे. पावसाळ्यात नदी भरून आली, की तो पाहायला कुठून कुठून माणसे येतात. त्यांतल्या बायका येतात, मुलांना कडेवर घेऊन तास-दोन तास उभ्या राहतात आणि परत जातात. निवांत बसायला जागा नाही, गरम भाकरी नाही, आडोसा नाही. गेल्या श्रावणात एक बाई आमच्या दारात आली. पाणी मागितले, आणि मग अगदी हळू आवाजात संडास कुठे आहे ते विचारले. तिच्याबरोबरचे पुरुष रस्त्यावर उभे होते. ती सकाळपासून पाणीही प्यायली नव्हती, म्हणजे जावे लागू नये. असा प्रवास तुम्हीआम्ही सगळ्याजणींनी केलेला आहे. मोटारस्टँडच्या बाकावर मी ज्याची वाट पाहत होते, ते दार त्या दिवशी माझेच होते.

म्हणून माझी सूचना अशी. येत्या पावसाळ्यापासून आपल्या मंडळाने पाचसहा घरे निवडावीत. तिथे बाहेरगावच्या बायकांना हातपाय धुता यावेत, घटकाभर पडता यावे, आणि सांगितल्यास ज्वारीची भाकरी, पिठले नि अंबाडीची भाजी मिळावी. दर ठरलेला असावा आणि तो लाजून नव्हे, तोंडाने सांगावा. अन्न विकणे कमीपणाचे, असे आपल्यापैकी काहींना वाटते. परंतु आयुष्यभर फुकट रांधले तेव्हा त्याला कोणी मोठेपणा दिला? ज्या घरी खोली देणे जमेल त्यांनी ती द्यावी. न जमेल त्यांनी निदान पाणी द्यावे आणि कुंडाजवळचे खडक शेवाळाने निसरडे असतात, पाणी एकाएकी वाढते, एवढे तरी बजावून सांगावे.

परवा सहलीची यादी करताना आमच्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "मी येईन, पण मला वाढायला ठेवा. मी कधी आधी पानावर बसले नाही." त्यांना मी सर्वांसमक्ष सांगते: आजी, माहूरला पहिले पान तुमचेच मांडायचे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपण सगळ्याजणी मिळून अनसूयेच्या शिखरावर जायचे. माझ्या आईचे तेवढे राहून गेले आहे.