प्लूटोवर बर्फ आहे हे कसं कळलं?

(अल्फारेटा येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागे एका घरगुती कार्यक्रमात एका मित्राने मला छेडले, "तुम्ही लोकांनी २००६ मध्ये प्लूटोचे ग्रहपद काढून घेतले. आता आमच्या पत्रिकेतला प्लूटो ठेवायचा की काढायचा?" सगळे हसले. त्याच्या दहा वर्षांच्या मुलीने मात्र खरा प्रश्न विचारला, "काका, तिथे न जाता बर्फ आहे हे कसं कळलं?"

आज तेच सांगतो.

पृथ्वीवरच्या दुर्बिणीतून प्लूटो म्हणजे प्रकाशाचा एक ठिपका. हा प्रकाश मूळचा सूर्याचा, प्लूटोच्या पृष्ठभागावरून परतलेला. पृष्ठभागावर जो पदार्थ असेल तो त्यातल्या ठरावीक तरंगलांबी शोषून घेतो. गोठलेले पाणी १.५ आणि २ मायक्रॉनच्या आसपास, तर गोठलेला मिथेन १.७ आणि २.३ च्या आसपास. पण आपली हवाही प्रकाश शोषते. म्हणून जवळच दिसणाऱ्या, सूर्यासारख्या ताऱ्याचे मोजमाप घेऊन तुलना करावी लागते. नाहीतर आपल्याच हवेतली वाफ प्लूटोवरचा बर्फ म्हणून खपून जाईल!

१९७६ साली क्रुकशँक, पिल्चर आणि मॉरिसन यांनी ॲरिझोनातल्या किट पीक येथील ४ मीटरच्या दुर्बिणीने प्लूटोवर मिथेनचा बर्फ ओळखला. यातून आणखी एक गोष्ट निघाली. बर्फ चकाकतो, आणि चकाकणारा लहान गोळा काळपट मोठ्या गोळ्याइतकाच उजळ दिसतो. म्हणजे प्लूटो समजला होता त्याहून बराच लहान असणार. १९३० साली तो सापडला तेव्हा त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या जवळपास असावे असा अंदाज होता. १९७८ मध्ये त्याचा चंद्र शॅरन सापडला आणि ते पृथ्वीच्या जेमतेम ०.२ टक्के निघाले. १९९२ च्या निरीक्षणांत नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचे बर्फही सापडले. १४ जुलै २०१५ रोजी 'न्यू होरायझन्स' यान प्लूटोजवळून गेले. हे तिन्ही बर्फ तिथे होते, शिवाय पाण्याच्या बर्फाचे डोंगरही.

प्लूटो इतका आकसला, तरी पत्रिकेतले त्याचे फळ तिळभरही बदलले नाही. आम्हाला मात्र आमचे आकडे बदलावे लागले, आणि त्यात कमीपणा वाटला नाही.

आपली मुले "कसं कळलं?" असे विचारतील, कधी आमच्या शास्त्राबद्दल, कधी आपल्या घरातल्या रीतींबद्दल. उत्तर माहीत नसेल तर तसे सांगू या. पण "असतंच तसं" म्हणून त्यांना गप्प बसवू नये, एवढीच विनंती.