पणजीचे नाव



मुंबई बंदरातून मॉरिशसला आलेल्या आपल्या पूर्वजांचे आज आपण स्मरण करीत आहोत. या प्रसंगी दूर अमेरिकेतील एका डोंगराळ मुलुखाची हकीकत आम्ही सांगणार आहोत.

टेनेसी राज्यातील हॅन्कॉक काउंटीत न्यूमन्स रिज नावाचा डोंगर आहे. तेथील कॉलिन्स, गिब्सन, गोइन्स, मुलिन्स या घराण्यांना शेजारी ‘मेलंजन’ म्हणून हिणवत. “तुम्ही कोण?” असे विचारले की पुष्कळ जण “पोर्तुगीज” असे उत्तर देत. गोरे ठरले नाही तर मतदान, शाळा, लग्न, सारेच अडत असे. शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात १९२४ साली गोऱ्यांनी इतरांशी लग्न करू नये असा कडक कायदा झाला. जन्ममृत्यूच्या नोंदी पाहणारे वॉल्टर प्लेकर यांनी १९४३ साली अधिकाऱ्यांना आडनावांची यादीच धाडली. या घराण्यांना गोरे म्हणून नोंदवू नका, हा तिचा अर्थ. तो कायदा १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने मोडला.

पुढे नातवंडे जुने कागद शोधू लागली. १९९७ साली वाइझ गावी त्यांचा मोठा मेळावा भरला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात बऱ्याच घराण्यांचे मूळ आफ्रिकन पुरुष आणि युरोपीय स्त्रिया यांच्यापाशी गेले. आजी-आजोबांनी भीतीने जे लपवले, ते नातवंडांनी उघड मान्य केले.

आपल्यावर असा कायदा नव्हता. तरी आम्हीही लपवले. आमच्या पणजीची आई क्रिओल होती. घरी पणजीचे नाव कोणी घेत नसे. गणपतीचे मोदक वळायला आमच्या आजीला मात्र तिनेच शिकवले होते! वर्गात मुलांकडून वंशवृक्ष काढून घेताना आम्ही स्वतःच्या वृक्षात तिची जागा कित्येक वर्षे रिकामी ठेवली. एका मुलीने विचारले, “बाई, इथे कोण?” तेव्हा आम्हाला उत्तर देता आले नाही.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांच्या आगमनाच्या नोंदी आहेत. तेथे अवश्य जा. पण कोकणातले गाव सापडले म्हणजे शोध संपला असे समजू नका. तमिळ, भोजपुरी, क्रिओल, ज्या ज्या घरची लेक आपल्या घरी आली, तिचेही नाव लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. ती गेल्यावर कोणाला विचारणार?

आमच्या वृक्षात आता ती जागा भरली आहे. तिचे नाव मारी.